चित्रातली बाई आणि चित्र काढणारी बाई



श्रावण लागला की आपल्याकडे देवघराच्या भिंतीवर जिवतीचा कागद लागतो. वर नरसिंह, खाली कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण, मग पोरांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका आणि शेवटी हत्ती-वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. शुक्रवारी त्या कागदापुढे पुरण-वरणाचा नैवेद्य होतो, आई किंवा सासूबाई कहाणी वाचतात आणि लेकरं चित्राकडे बघत ती ऐकतात. म्हणजे चित्र बघत गोष्ट ऐकायची, ही सवय आपल्याला कुणी बाहेरून येऊन लावलेली नाही. आपल्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि ती चालवली बायांनीच.

पण कधी विचारलंय का, की तो कागद काढला कुणी? कहाणी रचली कुणी? नाव कुठंच नाही. चैत्रात काही घरांत अंगणात चैत्रांगण काढतात. गौर, तिचा पाळणा, तुळस, चंद्र-सूर्य, गाय, हत्ती, अशी एक सबंध दुनिया एकेक बाई रोज नव्यानं काढते. सडा पडला की ती गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायची. सही करायची कुणाला सुचतच नाही.

आज मला तुम्हाला सही करणाऱ्या एका बाईची गोष्ट सांगायची आहे. त्यांचं नाव अमृता पाटील. चित्रं त्याच काढतात, गोष्ट त्याच लिहितात, आणि दोन्ही मिळून जे पुस्तक होतं त्याला ग्राफिक कादंबरी म्हणतात. आपण चित्रकादंबरी म्हणू. भारतातली पहिली स्त्री चित्रकादंबरीकार म्हणून त्या ओळखल्या जातात. पण त्यांच्या कामाची किंमत कळायची तर थोडं मागं जायला हवं, आणि मागं जायची वाट आपल्या नगरातूनच जाते.

साडेचारशे वर्षांपूर्वी आपलं हे शहर निजामशाहीची राजधानी होतं. हुसेन निजामशाह गादीवर होता आणि खुंझा हुमायून ही त्याची राणी. किल्ला लढवणारी चांदबिबी आपल्याला माहीत आहे. ही तिची आई. 1565 साली दक्षिणेतल्या सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरचा पराभव केला, तालिकोटची लढाई म्हणतात ती. त्यात हुसेन निजामशाह होता. त्या विजयाचं आणि राजा-राणीचं कौतुक करणारं एक फारसी काव्य आफताबी नावाच्या कवीनं रचलं. ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे त्याचं नाव. त्याची एक चित्रं घातलेली हस्तलिखित प्रत इथं, अहमदनगरात तयार झाली. दख्खनच्या चित्रकलेतल्या अगदी सुरुवातीच्या कामांत तिची गणना होते. ती प्रत आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे आणि तिच्यात बारा चित्रं उरली आहेत.

या चित्रांचं वेगळेपण असं, की त्यांत राणी पडद्याआड नाही. ती राजाच्या अगदी जवळ, त्याच्या बरोबरीनं बसलेली दाखवली होती. एका चित्रात तर बाईच्या स्पर्शानं झाड फुलताना दिसतं. ही कल्पना जुनी, आपल्याच मातीतली.

लढाईनंतर काही महिन्यांतच हुसेन वारला. मुलगा मुर्तझा लहान. मग काही वर्षं खुंझा हुमायूनच कारभार बघत होती. पुढं मुलगा जाणता झाला, दरबारातले सरदार त्याच्या बाजूनं उभे राहिले, आणि राणीला कैद झाली. आता त्या पुस्तकाचं काय झालं ते ऐका. ज्या चित्रांत राणी होती, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी कुणीतरी तिची आकृती खरवडून, रंग फासून पुसून टाकली. राजा तसाच आहे, सेविका आहेत, गालिचा आहे, मध्ये राणीच्या जागी एक डाग आहे. तिची सत्ता गेल्यावरच हे झालं असावं असं अभ्यासक मानतात.

आपल्या गावात घडलेलं सगळ्यात मोलाचं चित्रांचं पुस्तक हे असं आहे. बाई चित्रात होती, पण कुंचला तिच्या हातात नव्हता आणि पुसणारा हातही तिचा नव्हता.

हे झालं दरबाराचं. सामान्य माणसाकडे चित्रातली गोष्ट यायची ती चित्रकथींच्या खांद्यावरून. शेवगाव तालुक्यातल्या मुंगीच्या पलीकडे गोदावरी ओलांडली की पैठण. मुंगी-पैठण ही नावं आपण एका दमात घेतो. त्या पैठणच्या नावानं ओळखली जाणारी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची जुनी चित्रं आहेत. ठसठशीत रेघा, मोठे डोळे, लाल-निळे भरलेले रंग. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी चित्रं जपलेली आहेत. ही परंपरा अजून जिवंत आहे ती सिंधुदुर्गात, कुडाळजवळच्या पिंगुळी गावात, ठाकर समाजाच्या लोकांकडे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. एका कथेच्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. कथेकरी एकेक चित्र उभं धरतो, सोबत वाद्य वाजत असतं, आणि तो त्या प्रसंगातल्या सगळ्यांच्या तोंडचं गातो आणि बोलतो. सीताही तोच, मंदोदरीही तोच. सूत्रधाराची जागा परंपरेनं पुरुषाची.

मग छापखाना आला. रावबहादूर धुरंधरांची चित्रं घराघरांत पोचली. नऊवारीतल्या, पाण्याला जाणाऱ्या, पूजेला निघालेल्या बाया त्यांनी किती प्रेमानं काढल्या. त्यांच्या कन्या अंबिका धुरंधर याही जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकून चित्रकार झाल्या आणि त्यांनी ‘माझी स्मरणचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिलं. बाईनं कुंचला आणि लेखणी दोन्ही धरल्याचं हे आपल्याकडचं लवकरचं उदाहरण. पण असं उदाहरण विरळा. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठावर दीनानाथ दलालांची, रघुवीर मुळगावकरांची देखणी बाई झळकत राहिली. 1967 मध्ये अनंत पै यांनी ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशी आपली मराठी माणसं त्यात चित्रं काढत होती. आपल्या पिढीला द्रौपदी, सावित्री, झाशीची राणी कशा दिसतात ते या पुस्तकांनी शिकवलं. कमला चंद्रकांत यांच्यासारख्या बाया लेखन-संपादनात होत्या, पण चित्रांच्या टेबलावर बहुतेक पुरुषच. त्यामुळे चित्रातली बाई कशी दिसावी, तिची कंबर केवढी, तिनं डोळे वर करायचे की खाली, हे ठरत गेलं ते त्यांच्याच नजरेनं.

या पार्श्वभूमीवर अमृता पाटील यांचं काम बघायचं.

त्यांचा जन्म 1979 चा, पुण्यातला. लहानपण गोव्यात गेलं आणि चित्रकलेचं पहिलं शिक्षण तिथल्याच गोवा कॉलेज ऑफ आर्टमध्ये झालं. पदवी घेतल्यावर चित्रकाराला पोट भरायला जे करावं लागतं ते त्यांनीही केलं. मुंबईत एका जाहिरात कंपनीत नोकरी धरली, तीही चित्रं काढायची नाही, शब्द लिहायची. पुढं अमेरिकेत बॉस्टनला जाऊन त्यांनी कलेचं उच्च शिक्षण घेतलं, ते 2004 मध्ये पूर्ण झालं. म्हणजे एका हाताला रेघेची सवय, दुसऱ्याला वाक्याची. चित्रकादंबरीला नेमकं हेच लागतं.

आपण रेडिओवर आहोत, तेव्हा हे पुस्तक कसं असतं ते जरा सांगते. पानावर चौकटी असतात, ‘अमर चित्र कथा’ चाळली असेल तर त्या डोळ्यांपुढं येतील. प्रत्येक चौकटीत एक क्षण. बोलणं फुग्यात, निवेदन बाजूला. दोन चौकटींच्या मध्ये जी कोरी जागा राहते, तिथं जे घडतं ते वाचणाऱ्यानं मनात भरायचं. एका चौकटीत हात उगारलेला, पुढच्या चौकटीत बांगड्यांचे तुकडे. मधलं कुणी काढलेलं नाही, तरी आपण पाहिलेलं असतं. साध्या कादंबरीत लेखक ‘ती उदास झाली’ असं तीन शब्दांत लिहून मोकळा होतो. इथं ते उदास होणं खांद्याच्या उतारातून, खिडकीतल्या उजेडातून दाखवावं लागतं. शंभरावर पानं, प्रत्येक पान हातानं. म्हणूनच अशा एका पुस्तकाला वर्षं लागतात.

आपल्या देशात मोठ्या माणसांसाठी अशी पुस्तकं फार जुनी नाहीत. ओरिजित सेन यांचं नर्मदेच्या धरणावरचं पुस्तक 1994 चं, सारनाथ बॅनर्जी यांचं ‘कॉरिडॉर’ 2004 चं. आणि 2008 मध्ये अमृता पाटील यांचं ‘कारी’ आलं.

कारी ही एका मोठ्या, धुरकट शहरातली तरुण मुलगी. जाहिरात कंपनीत काम करते, दाटीवाटीच्या फ्लॅटमध्ये इतर मुलींबरोबर राहते. रूथ नावाच्या मुलीवर तिचं प्रेम आहे. होय, दोन मुलींचं एकमेकींवरचं प्रेम. पुस्तक उघडतं तेच दोघींनी जीव द्यायचा प्रयत्न केला त्या रात्रीवर. दोघीही वाचतात. रूथ शहर सोडून निघून जाते आणि कारी मागं उरते. एरवी अशी गोष्ट तिथं संपवतात, मुलगी मेली की सगळ्यांना रडायला मोकळं. अमृता पाटील तिथून सुरू करतात. मग पुढचं सबंध पुस्तक आहे ते उरलेल्या मुलीनं जगायचं कसं याचं. ती ऑफिसला जाते. परीकथेतल्या राजकन्येसारखे केस करून देण्याची जाहिरात लिहिते. स्वतः मात्र त्या राजकन्येच्या साच्यात कुठंच बसत नाही. कॅन्सरनं शेवटाला आलेल्या एका बाईच्या सोबतीला जाते. चित्रं बहुतेक काळ्या-पांढऱ्यात, मध्येच कुठंतरी एकदम रंग.

हे पुस्तक आलं तेव्हा असं प्रेम हा आपल्या देशात कायद्यानं गुन्हा होता. तो कलंक सर्वोच्च न्यायालयानं पुसला 2018 मध्ये, पुस्तकानंतर दहा वर्षांनी. पण पुस्तकात त्याची वकिली नाही, भाषण नाही. कारी आपली बसमध्ये आपल्या शेजारी बसावी तशी आहे. मला वाटतं, एका बाईनं कुंचला हातात घेतल्याचा पहिला फरक हाच. तिनं बाई बघण्यासाठी काढली नाही, ती आतून कशी आहे ते काढलं.

पहिलं पुस्तक गाजलं की लोक दुसरं तसंच मागतात. अमृता पाटील वळल्या महाभारताकडे. फ्रान्समध्ये आंगुलेम नावाचं गाव आहे, चित्रकथांची पंढरीच म्हणा. तिथं चित्रकथाकारांना राहून काम करण्यासाठी एक घर आहे. तिथं त्या राहिल्या. 2012 मध्ये ‘आदिपर्व’ आलं आणि 2016 मध्ये त्याचा पुढचा भाग ‘सौप्तिक’. दोन्ही रंगीत. कुठं जलरंगासारखं वाहणारं चित्र, कुठं कागदांचे तुकडे चिकटवून केलेलं.

आता त्यांनी सूत्रधार कोण घेतला ते बघा. ‘आदिपर्वा’त गोष्ट सांगते ती गंगा. पांढऱ्या वस्त्रातली एक बाई रात्री उघड्यावर बसून सांगते आहे आणि येणारे-जाणारे थांबून ऐकताहेत. हा सांगण्याचा भाग कोळशानं काढल्यासारखा काळा-पांढरा, आणि ती सांगते ती गोष्ट रंगात. ऐकणारे मध्येच अडवतात, शंका काढतात, एखादा खवचट बोलतो. एकटीदुकटी बाई रात्री पुरुषांपुढं बसून पुराण सांगते म्हणजे काय, असंही त्यातल्या काहींना वाटतं. ती हलत नाही. आपल्या गंगथडीच्या बायांना हे चित्र लगेच कळेल. आपल्याकडे गोदावरीला कुणी गोदावरी म्हणतच नाही, ‘गंगेला जाऊन आले’ असंच म्हणतात. सगळं पाहिलेली, सगळ्यांची धुणी आणि अस्थी पोटात घेतलेली नदी. कौरव-पांडवांच्या घराची ती मूळ सासू. भीष्म तिचा मुलगा. त्या घराण्याची गोष्ट तिच्याइतकी खरी कोण सांगणार? पण युगानुयुगं ती सांगितली इतरांनी, गंगा पहिल्या अध्यायात येऊन गेली की संपली. अमृता पाटील यांनी तिला परत आणून चित्रकथ्याच्या आसनावर बसवलं.

‘सौप्तिक’मध्ये सूत्रधार आहे अश्वत्थामा. झोपलेल्या पोरांना रात्री मारणारा आणि त्यापायी कपाळावरची जखम घेऊन कायम भटकणारा. आपण मराठीत न भरणाऱ्या दुःखाला अश्वत्थाम्याची जखम म्हणतो. जिंकणाऱ्याकडून युद्ध ऐकायचं नाही, ज्याच्या हातून पाप घडलं त्याच्याकडून ऐकायचं, असं हे पुस्तक ठरवतं.

यानंतर 2019 मध्ये ‘आरण्यक’. हे त्यांनी पुराणकथांचे लेखक देवदत्त पटनायक यांच्याबरोबर केलं. याज्ञवल्क्य ऋषींच्या दोन बायका, कात्यायनी आणि मैत्रेयी. आणि भर सभेत त्यांना प्रश्न विचारणारी गार्गी. मैत्रेयी-गार्गींची नावं आपण मुलींच्या शाळांना देतो. कात्यायनीचं नाव कोण घेतं? बृहदारण्यक उपनिषदात मैत्रेयी ब्रह्मवादिनी आहे आणि कात्यायनीला फक्त बायकांचं ज्ञान आहे, असा एका वाक्यात निकाल लागतो. ‘आरण्यक’मध्ये या कात्यायनीला मोठी जागा आहे. भूक, अन्न, चूल, अंगण, रान, हे तिचं शास्त्र. मैत्रिणींनो, पाच माणसांचा स्वयंपाक सात जणांत पुरवणारी, कुठल्या पोराला काय पचत नाही हे न लिहिता लक्षात ठेवणारी आपल्यातली प्रत्येक जण कात्यायनी आहे. त्या ज्ञानाला ज्ञान म्हणायला एका चित्रकार बाईला यावं लागलं.

2008, 2012, 2016, 2019. अकरा वर्षांत चार पुस्तकं. हे मुद्दाम मोजून सांगितलं, कारण आपल्याला वाटतं चित्र म्हणजे हौस, सुचलं की झालं. यात रोजचं बसणं आहे, शेतातल्या खुरपणीसारखं. एक वाफा झाला की दुसरा. आणि चित्रकादंबरीवर कुणाचं घर थाटात चालत नाही. त्यामुळे मधल्या वर्षांत दुसरी कामंही करावी लागतात. त्यांनी एका त्रैमासिकाचं संपादनही केलं. 8 मार्च 2017 रोजी, महिला दिनी, राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते त्यांना नारी शक्ती पुरस्कार मिळाला. तो पुरस्कार एरवी गावात दारूबंदी करणाऱ्या, मुलींना शिकवणाऱ्या, खेळात नाव काढणाऱ्या बायांना मिळतो. त्या रांगेत चित्रं काढणारी बाई उभी राहिली, ही मला त्या बक्षिसातली मोठी गोष्ट वाटते.

एक रुखरुख आहे, ती सांगायलाच हवी. अमृता पाटील मराठी घरातल्या, पण लिहितात इंग्रजीत. आणि ही पुस्तकं महाग असतात. ज्या गंगथडीवर गंगेची गोष्ट सगळ्यात आधी कळेल, तिथल्या वाचनालयाच्या कपाटापर्यंत ती सहज पोचत नाही. आपल्या गावच्या वाचनालयाकडे, बचत गटाकडे, मुलांच्या शाळेकडे आपण एखादी प्रत मागू शकतो. इंग्रजी न येणाऱ्या बाईनं चित्रं बघावीत, कॉलेजात जाणाऱ्या लेकीनं शेजारी बसून मराठीत सांगावं. चित्रकथी हेच तर करत होते.

आणि हे एकीचंच उरलेलं नाही. 2011 मध्ये महात्मा फुल्यांच्या ‘गुलामगिरी’वर आधारलेली एक चित्रकादंबरी इंग्रजीत आली. शब्द श्रीविद्या नटराजन यांचे, चित्रं अपराजिता निनन यांची. दोघीही बाया. त्याच वर्षी बाबासाहेबांच्या आयुष्यावर ‘भीमायन’ आलं, त्याची चित्रं काढणाऱ्यांत गोंड चित्रकार दुर्गाबाई व्याम आहेत. भिंती आणि अंगणं रंगवत ज्यांचा हात तयार झाला, त्या दुर्गाबाईंचं नाव आता पुस्तकावर छापलेलं आहे. फुल्यांच्या गोष्टीत सावित्रीबाई आल्याच, आणि सावित्रीबाई शिक्षिका होण्याचे धडे घ्यायला आल्या होत्या त्या आपल्या नगरात, सिंथिया फरार बाईंकडे. ज्या गावात चित्रातली राणी खरवडली गेली, त्याच गावात एका बाईनं दुसऱ्या बाईला शिकवायचं कसं ते शिकवलं. दोन्ही गोष्टी आपल्याच आहेत. पहिली ठाऊक असावी आणि दुसरी पुढं न्यावी.

तेव्हा येत्या श्रावणात जिवतीचा कागद लावाल तेव्हा घरातल्या मुलीला एक कोरा कागद द्या. म्हणावं, कहाणीतली तुला आवडलेली बाई काढ. आणि ती आपल्या घरातल्या कुणासारखी दिसते तेही सांग. चित्र वेडंवाकडं येईल, येऊ द्या. हात लावून सुधारू नका. फक्त एक करा. खाली उजव्या कोपऱ्यात तिला तिचं नाव लिहायला लावा, तारखेसकट. आणि तो कागद पुसला जाणार नाही, फाटणार नाही, अशा जागी ठेवा.